परसातल्या कोईच्या तळ्यात झाडं लावताय? आधी हे वाचा



१ जून ते ३१ जुलै बंदी. होड्या वर ओढल्या, ट्रॉलर जेटीला बांधले, जाळी शिवायला काढली. घरामागच्या कामांना हात लागतो तो याच दिवसांत. काही सभासदांच्या परसात पोरांच्या हौसेखातर कोई माशांचं तळं आहे, आणि त्यात आता झाडं घालायची आहेत. हौस चांगलीच आहे. पण गेल्या पावसात एका सभासदाच्या घरी काय झालं ते आधी ऐका. तळं झाडांनी गच्च भरलेलं होतं. रात्री वीज गेली, पंप बंद पडला. सकाळी मोठे कोई सगळे उताणे तरंगत होते, लहान तेवढे वाचले. पाण्यात कोणी विष घातलं नव्हतं. मासे गुदमरून मेले होते.

तळ्याला भरती-ओहोटी नाही

माशांबद्दल आपल्याला कोणी शिकवायला नको, हे खरं. पण आपण ओळखतो तो दर्या. तिथली घाण भरती-ओहोटी घेऊन जाते. तळ्यातलं पाणी जागचं हलत नाही. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं तळाशी कुजतं. पाण्यातले जिवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे नायट्रेट झाडांचं खत. झाडं नसतील तर त्यावर शेवाळ पोसतं आणि पाणी हिरवंगार होतं. झाडं हे खत खातात, वर सावली धरतात, म्हणून शेवाळ आवरतं आणि उन्हाळ्यात पाणीही फार तापत नाही.

हे झालं दिवसाचं. उजेडात झाड पाण्यात प्राणवायू सोडतं. रात्री मात्र तेही माशासारखाच प्राणवायू ओढतं. त्यामुळे पहाटे, उजाडायच्या आधी, पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो. पावसाळ्यात दिवसभर मळभ असलं की दिवसाची कमाई कमी आणि रात्रीचा खर्च तेवढाच. त्यात पंप बंद पडला की संपलं.

म्हणून पहिला नियम: झाडांनी पाण्याचा अर्ध्याहून जास्त भाग झाकू नये. दुसरा: हवेचा पंप रात्री बंद करू नये. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात असू द्या. सकाळी मासे वर येऊन तोंड उघडमीट करताना दिसले तर खाणं बंद करा, आणि तळ्यातलंच पाणी बादलीने उंचावरून पुन्हा तळ्यात ओता. विहिरीचं पाणीही असंच उंचावरून घालता येतं. नळाचं पाणी थेट ओतू नका, त्यातलं क्लोरीन कल्ले जाळतं.

कोई उकरतोच

कोई म्हणजे रंगीत कार्प. जपानच्या नीगाता भागातले शेतकरी खाण्यासाठी कार्प पाळायचे. त्यातून निवडून निवडून एकोणिसाव्या शतकात हे रंग तयार झाले. १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात मांडल्यावर त्यांचं नाव झालं. रंग बदलला तरी खोड तीच. तोंडाच्या मिशांनी चिखल चाचपायचा, मुळं उकरायची, कोवळा पाला खायचा. हायड्रिला तर दोन दिवसांत फस्त.

म्हणून लावायचं ते असं:

१. साळकं, म्हणजे वॉटर लिली, रुंद कुंडीत लावा. माती शेताची, चिकट. कोकोपीट तरंगतं, ते नको. वर मुठीएवढे गुळगुळीत गोटे पसरा, माशाच्या तोंडात मावणार नाहीत असे. धारदार चिऱ्याचे तुकडे नकोत, मासा घासतो. दर्यावरची रेतीही नको, तिच्यातलं मीठ झाडाला मारतं. दिवसाचे पाच-सहा तास ऊन हवं, आणि कारंजं लांब हवं.

२. अळू, कर्दळ, वेखंड यांना तळ्याशेजारी वेगळा छोटा हौद करा. त्यात खडी भरा, झाडं लावा, पंपाने तळ्याचं पाणी तिथून फिरवून परत आणा. मासा तिथे पोचत नाही, मुळं पाणी गाळतात. जागा असेल तर सगळ्यात चांगला उपाय हाच.

३. तरंगती झाडं घालायची असतील तर बारीक आसाच्या जाळ्याची पिशवी करून ती बोयांच्या कड्याला शिवा आणि झाडं त्यात ठेवा. हे काम आपल्यापेक्षा चांगलं कोण करणार? जाळं फाटकं नसावं, सुट्या धाग्यात मासा अडकतो.

४. अझोला वेगळ्या टबात वाढवा आणि मूठभर रोज घाला. कोई आवडीने खातात.

५. नवीन झाड आणलं की नीट धुऊन दोन आठवडे वेगळ्या टबात ठेवा. गोगलगायी, जंतू, नर्सरीतली औषधं त्यातूनच येतात. मासा आजारी पडला तर मिठाचा उपायही वेगळ्या टबात करा, तळ्यात मीठ टाकू नका.

६. पिवळी पानं रोज काढा. कुजणारं पानही प्राणवायू खातं.

आणि जलपर्णी? नकोच

जांभळी फुलं दिसतात छान, फुकटही मिळते. पण ती मूळची दक्षिण अमेरिकेतली, आणि अनुकूल पाण्यात दोन आठवड्यांत दुप्पट होते. मुसळधार पावसात तळं भरून वाहिलं की ती व्हाळात, व्हाळातून खाजनात आणि नदीत. खाऱ्या पाण्यात ती मरते, पण गोड्या पाण्यात पसरते, मानशीच्या दारांत तुंबते, जाळ्यात भरते, पंख्यात गुंतते. बी चिखलात वर्षानुवर्षं टिकतं. कोईचंही तेच. नदीत गेला तर तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि आपल्या माशांची जागा खातो.

म्हणून तळ्याचा काठ जमिनीहून वीतभर उंच ठेवा आणि पाणी बाहेर पडतं तिथे बारीक जाळी बसवा. जास्त झालेली झाडं नदीत टाकू नका. उन्हात वाळवून माडाच्या आळ्यात घाला.

तळं परसातलं असलं तरी त्याचं पाणी शेवटी आपल्याच नदीत जातं, आणि १ ऑगस्टला आपल्याला त्याच पाण्यातून बाहेर पडायचंय. तुमच्या तळ्यात कुठलं झाड टिकलं, कुठलं कोईने खाल्लं, ते नक्की कळवा.