शेडमधली मॅटाडोर

मॅटाडोरच्या खाली वाकून पाहिलं तर मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा दिसत नाही. ट्रकला तो असतो, जीपला असतो, टाटा ४०७ला असतो, हिला नाही. इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे, डिफरन्शिअलही पुढेच. गाडी ओढायची ती पुढच्या चाकांनी. मागच्यांनी फक्त ओझं वाहायचं. दांडाच नाही म्हटल्यावर त्याच्यासाठी तळ उंच ठेवायचं कारण उरलं नाही आणि हौदा जमिनीच्या जवळ आला. पन्नास किलोची कांद्याची गोणी पाठीवर घेऊन दिवसभर चढ-उतार करणाऱ्या हमालाला ही उंची वीतभर कमी झाल्याने काय फरक पडतो, हे गाडी आखणाऱ्यापेक्षा त्याच्या गुडघ्यांना जास्त कळत असणार.

या रचनेची दुसरी बाजूही आहे. हौदा भरला आणि चढ लागला की वजन मागे सरकतं, ओढणारी चाकं हलकी होतात आणि पावसाळ्यात काळ्या मातीवर जागच्या जागी फिरू लागतात. त्यावर ड्रायव्हर लोकांचा उपाय साधा होता: गाडी वळवून घ्यायची आणि चढ रिव्हर्समध्ये चढायचा. मग वजन ओढणाऱ्या चाकांवर येतं. ताहाराबादहून पिंपळनेरकडे जाणारा शेलबारी घाट असा चढायची वेळ येत नाही, पण मळ्यातून रस्त्यावर येणारा पाच-पंचवीस फुटांचा चिखलाचा चढ या युक्तीशिवाय पार होत नाही.

अशा मळ्यांच्या भागात मॅटाडोर राबली. तिथलं नामपूर हे बागलाण तालुक्यातलं, मोसम नदीकाठचं बाजाराचं गाव. वरच्या अंगाला हरणबारी धरण, मुल्हेर, ताहाराबाद, जायखेडा. खालच्या अंगाला मालेगाव. गावाला स्वतःची बाजार समिती आहे आणि उन्हाळ कांद्याच्या दिवसांत लिलावाला ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअपच्या रांगा लागतात. त्या रांगेत आता मॅटाडोर शोधावी लागते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत या भागात चार चाकांवर टनभर माल नेणारी गाडी म्हणजे बहुधा तीच. सकाळी कांदा, दुपारी खताच्या गोण्या, लग्नसराईत वऱ्हाड आणि बँडवाले, निवडणुकीत कर्णे. १९८६ साली टाटांची ४०७ आली, त्याच सुमारास जपानी तंत्राचे छोटे ट्रक आले, २००५ साली ‘छोटा हत्ती’ आला, आणि मॅटाडोर घरामागच्या बाभळीखाली जाऊन उभी राहिली. तिथून ती एक तर भंगारात जाते किंवा एखाद्या हौशी माणसाच्या शेडमध्ये. भंगाराची वाट फार रुंद आहे, शेडची फार अरुंद.

गाडीचं कूळ हॅम्बुर्गचं. तिथल्या ‘विडाल आणि पुत्र’ या कंपनीचा ‘टेम्पो’ हा छाप. १९४९ साली त्यांनी पहिली मॅटाडोर काढली तेव्हा तिच्यात फोक्सवागनचं इंजिन होतं. लवकरच फोक्सवागनने स्वतःची व्हॅन बाजारात आणली आणि प्रतिस्पर्ध्याला इंजिनं देणं बंद केलं. मग विडालला हाइन्केल आणि ऑस्टिनची इंजिनं शोधावी लागली. १९६३च्या सुमारास गाडीचा सांगाडा नवा झाला. पुढे कंपनी हानोमागकडे गेली, हानोमागचं हेन्शेलशी लग्न झालं आणि शेवटी सगळा कारभार मर्सिडीझ-बेन्झच्या हाती आला. म्हणजे एकाच पत्र्यावर वेळोवेळी चार नावं चढली, आणि शेवटची काही वर्षं तिच्या नाकावर चक्क मर्सिडीझचा तारा होता. जर्मनीत १९७७ साली तो पत्रा निघणं थांबलं. आपल्याकडे नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली याच विडाल कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो उभी केली होती. आधी तीन चाकी ‘हान्सिआट’ आली आणि १९६९पासून पुण्याजवळच्या आकुर्डीत मॅटाडोर. जर्मनीतली बंद पडल्यावरही ती इथे नव्वदच्या दशकापर्यंत बनत राहिली. कंपनीचं नाव २००५ साली फोर्स मोटर्स झालं. जर्मनीत मॅटाडोरच्या जागी जी व्हॅन आली, तीच पुढे आपल्याकडे ‘ट्रॅव्हलर’ म्हणून आली, त्यामुळे आज शिर्डीला माणसं नेणारी गाडी ही नात्याने हिची धाकटी बहीण लागते.

आता शेड. बागलाणात घरच्या घरी गाडी उघडायची हिंमत माणसांत आली ती मोटारींमुळे नव्हे, विहिरींमुळे. वीज पोचण्याआधी विहिरीवर ऑइल इंजिन असायचं आणि रात्री पाणी भरताना ते बंद पडलं तर मिस्त्री येईपर्यंत थांबणं परवडत नसे. नोझल काढून पाहणं, डिझेलच्या नळीत धरलेली हवा नट सैल करून काढणं, गॅस्किटचा कागद हेडवर ठेवून हातोडीच्या टोकाने ठोकत कापून घेणं, हे शेतकऱ्याच्या पोराला वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी यायचं. पुढे ट्रॅक्टर आले, शेड आली, शेडमध्ये वेल्डिंगचं मशीन आणि ग्राइंडर आला. मॅटाडोरचं डिझेल इंजिन या माणसाला परकं वाटत नाही.

काम सुरू करताना सगळ्यांचे हात इंजिनाकडे जातात. माझ्या मते आधी ब्रेक उघडावेत. दहा वर्षं उभ्या गाडीत व्हील सिलिंडरचे रबर फुगून घट्ट बसलेले असतात, आतला तेलाचा भाग गंजून खड्डे पडलेले असतात, आणि इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात माणूस गाडी शेडबाहेर काढतो तेव्हा ती थांबवायला काहीच नसतं. ब्रेक शूवर नवी लायनिंग रिव्हेट मारून बसवता येते, क्लच प्लेटलाही तेच; ही कामं करणारी माणसं अजून तालुक्याच्या गावी आहेत. मास्टर सिलिंडर खराब असेल तर आतून घासून स्लीव्ह बसवून घेता येतो. त्यात काटकसर करू नये.

इंजिन केबिनच्या आतच, ड्रायव्हर आणि शेजाऱ्याच्या मधोमध, झाकणाखाली असतं. उन्हाळ्यात मधल्या माणसाची डावी-उजवी मांडी भाजायची ती त्यामुळेच. दुरुस्तीला मात्र ही जागा बरी: झाकण उचललं की बसल्या जागी हात पोचतो, पाऊस असला तरी काम चालू राहतं. थंडीत गाडी सुरू करायला हीटर प्लग लाल व्हावे लागतात. ते गेले असले तर माणसं सेल्फ मारून मारून बॅटरी संपवतात आणि दोष पंपाला देतात. पंप आणि नोझल घरी उघडू नयेत एवढं पथ्य बहुतेक जाणते पाळतात. त्यातले भाग इतके घट्ट मापाचे असतात की बोटाचा घामही त्यांना नको असतो. ते काम टेस्टिंगच्या दुकानाचं. बोअर करायचा, क्रँक घासायचा, तर मालेगाव. यंत्रमागांचं शहर असल्याने तिथे लेथवर हात बसलेली माणसं आहेत आणि नसलेला भाग नमुना पाहून करून देण्याची सवय आहे.

सुट्या भागांचं कोडं वाटतं तितकं अवघड नाही, कारण कारखानदारही सगळं स्वतः बनवत नसतो. बेअरिंगचंच घ्या. तिच्या कडेवर आकडा कोरलेला असतो आणि तो जगभर एकच. ६२०५ असेल तर शेवटच्या ०५ला पाचाने गुणायचं: आतलं भोक २५ मिलिमीटर. बाहेरचा व्यास ५२, जाडी १५. मॅटाडोर या शब्दाचा उच्चारही न करता हा आकडा कोणत्याही बेअरिंगवाल्याला सांगता येतो आणि तो काउंटरवर डबी ठेवतो. ऑइल सीलची मापंही त्याच्यावरच छापलेली असतात. अडतं ते खास गाडीच्याच भागांवर: पुढच्या चाकांना वळवता-वळवता फिरवणारे सांधे, दाराची कुलुपं, दिव्यांच्या कडा. हे सांधे झिजले की वळणावर कट-कट आवाज येतो, आणि तो ऐकून गाडी विकत घ्यायची की नाही हे ठरवावं. त्यांच्यासाठी पुण्याचा जुना बाजार, मुंबईचं कुर्ला, नाहीतर दुसरी एखादी मेलेली मॅटाडोर. दोन गाड्यांतून एक उभी करणं हाच शेवटी सगळ्यात स्वस्त मार्ग ठरतो. समोरची काच फुटकी असेल तर दोन्ही गाड्यांत ती शोधून घ्यावी, कारण टफन्ड काच नंतर कापून बसवता येत नाही.

पत्र्याचा इतिहास वेगळा वाचावा लागतो. बागलाण पर्जन्यछायेत असल्याने कोकणातल्या गाडीसारखी इथली गाडी सगळीकडून सडत नाही. छत बहुतेक शाबूत असतं, दारांचे वरचे भागही. पण हौद्याचा तळ आणि चाकांवरच्या कमानी पार जाळी झालेल्या. याला कारण तिने वाहिलेला माल. रासायनिक खताची पूड हवेतलं पाणी ओढून घेते आणि लोखंड खाते. त्यावर सडक्या कांद्याचं पाणी झिरपतं, त्यावर माती बसते आणि ओल धरून ठेवते. जाताना खत, येताना कांदा, अशी वीस वर्षं. काही जण अशा जागी पुट्टी भरून वर रंग मारतात, तो रंग एक पावसाळा टिकतो. चांगला पत्रेवाला गंजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जातो, नवा तुकडा आतून धरून टाके मारतो आणि एका जागी फार वेळ वेल्डिंग करत नाही, कारण तापलेला पत्रा वाकतो. त्यानंतर रेड ऑक्साइड, मग प्रायमर, मग पॉलिश पेपर आणि पाणी. या टप्प्यावर शेजारीपाजारी ‘झाली का गाडी?’ विचारायचे थांबतात.

एवढं करून गाडीला कायद्यात जागा कोणती? जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांची व्यवस्था केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली गाडी, नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, पुढच्या नोंदणीला ५ हजार, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. व्यवस्था चांगली आहे. पण ती दुचाकींना आणि ड्रायव्हर धरून नऊ सीटांपर्यंतच्या खासगी चारचाकींना लागू आहे. माल वाहणारी गाडी तिच्यात बसत नाही, मिनीबसही नाही. १९६९ नंतरच्या पहिल्या मॅटाडोर पन्नाशी ओलांडून गेल्या, तरी कायद्याच्या लेखी त्या म्हाताऱ्या टेम्पोच. दरवर्षी पासिंग, पर्यावरण कर, आणि जुनेपणाची वाढीव फी. संस्थानिकाची ब्यूक वारसा ठरते आणि तालुक्याचा कांदा वाहिलेली गाडी थकबाकी ठरते, हे मला पटत नाही. ब्रिटनमध्ये जुन्या व्यापारी गाड्यांची स्वतंत्र संस्था १९५८ साली, म्हणजे बजाज टेम्पोच्याच वर्षी, निघाली आणि १९६२पासून त्यांचे ट्रक, बस, दुधाच्या व्हॅन लंडन ते ब्रायटन अशी फेरी करतात. आपल्या रॅलींत मालवाहू गाडी दिसलीच तर पाण्याच्या बाटल्या घेऊन मागून येणारी.

व्हिंटेजच्या त्या नियमांत आणखी एक अट आहे: गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, सांगाडा, इंजिन यांत मोठा बदल झालेला नको. मोटारीसाठी ही अट समजते, कारण ती कारखान्यातून पुरी होऊन येते. मॅटाडोर अनेकदा अर्धीच यायची. हौदा गावच्या सुताराने आणि लोहाराने बांधलेला, फाळके मालकाच्या मापाचे, ताडपत्रीच्या कड्या तिसऱ्याने लावलेल्या, इंजिन मध्ये कधीतरी बदललेलं. हे सगळं काढून आकुर्डीच्या कॅटलॉगातली गाडी उभी करणं म्हणजे जी गाडी नामपुरात कधी धावलीच नाही ती बनवणं. सुताराचा हौदा ठेवावा. फळी कुजली असेल तर तेवढीच बदलावी, त्याच जाडीची, आणि बोल्ट जुनेच तेल लावून वापरावेत.

हेच दारावरच्या अक्षरांचं. मालकाचं नाव, गाव, तालुका, कुलदैवत, कोपऱ्यात बारीक अक्षरांत पेंटरची सही. कधी १९८९ आधीच्या तीन अक्षरी नंबराचा ठसा नव्या नंबराखालून डोकावतो. पॉलिश पेपर लावला की हे पाच मिनिटांत जातं. म्हणून खरवडायच्या आधी दारावर ट्रेसिंग पेपर चिकटवून अक्षरं पेन्सिलीने गिरवून घ्यावीत, रंगांच्या छटा बाजूला लिहून ठेवाव्यात. आता बहुतेक ठिकाणी रेडियमचे स्टिकर कापून मिळतात. ब्रशने अक्षर काढणारा पेंटर शोधायला सटाणा, मालेगाव, कदाचित धुळ्यापर्यंत विचारावं लागेल, आणि तो भेटला तर त्याला आधी कागद दाखवून दर ठरवावा.