भाड्याची खोली आणि गैरसमजाची सुखात्मिका

गैरसमजावर उभारलेल्या प्रणयप्रधान सुखात्मिकेचा विचार करताना अभ्यासकाची दृष्टी प्रेमिकांवर खिळते. ते राहतात त्या घराकडे सहसा जात नाही. मराठी प्रेक्षकाच्या परिचयाच्या अनेक कथानकांत मात्र गैरसमजाचे बीज भाड्याच्या खोलीतच पडलेले दिसते. एखाद्याच्या लैंगिक कलाविषयी इतरांनी करून घेतलेला चुकीचा ग्रह हा ज्या सुखात्मिकेचा विषय असतो, तिच्या बाबतीत तर खोलीचा प्रश्न बाजूस सारून विवेचन पुढे सरकत नाही.

ह्या प्रकाराची जुनी घडण गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संशयकल्लोळ'मध्ये पाहावयास मिळते. मोलियेरचे 'स्गानारेल' (१६६०), त्यावर आधारलेले आर्थर मर्फीचे 'ऑल इन द राँग' (१७६१) आणि तेथून देवल, असा ह्या कथानकाचा प्रवास आहे. १९१६ साली ते संगीत रूपात रंगभूमीवर आले. एक तसबीर चुकीच्या हाती पडते आणि फाल्गुनराव व कृत्तिका परस्परांवर संशय घेऊ लागतात. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, संशयाची दिशा कधीच बदलत नाही. पुरुषाच्या संदर्भात स्त्रीचा आणि स्त्रीच्या संदर्भात पुरुषाचाच संशय येतो. रेवतीची भूमिका बालगंधर्व करीत असताही प्रेक्षकांच्या मनात दुसरी शंका आली नाही, कारण तो संकेत सर्वमान्य होता. शिवाय सत्य उघड झाले की प्रत्येकाला आपापले स्थान परत मिळते. सत्य हे येथे सर्वांना परवडणारे आहे.

१९८८ च्या 'अशी ही बनवाबनवी'मध्ये तसबिरीची जागा घरमालकिणीच्या अटीने घेतली. पुण्यात खोली केवळ जोडप्यांनाच मिळणार, म्हणून चौघा तरुणांपैकी दोघे बायका होतात. ही कल्पना 'बीवी और मकान' (१९६६) ह्या हिंदी चित्रपटातून आणि त्याआधी बंगालीतून आलेली असली, तरी सचिन पिळगांवकरांच्या दिग्दर्शनात व वसंत सबनीसांच्या लेखणीत ती अस्सल पुणेरी झाली. पुरुषाने पुरुषास पत्नी म्हणून वागविण्याचे प्रसंग त्यात भरपूर आहेत. परंतु पाहणाऱ्याला खरी गोष्ट आधीपासून ठाऊक असल्याने तो निर्धास्त हसतो. ह्याच अटीची उलटी बाजू 'दोस्ताना' ह्या २००८ च्या हिंदी चित्रपटात दिसते. मायामीत घर मिळावे म्हणून दोन पुरुष आपण समलिंगी जोडपे असल्याचे भासवितात, आणि पुढे दोघेही त्याच घरातील तरुणीच्या प्रेमात पडतात. कथा अमेरिकेत नेऊन ठेवण्यामागे निव्वळ निसर्गशोभेचा मोह होता असे मानणे कठीण आहे. भारतीय दंडविधानाचे कलम ३७७ तेव्हा पूर्णतः लागू होते. दिल्ली उच्च न्यायालयाने ते २००९ मध्ये संकुचित केले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पूर्ववत् केले, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते रद्द ठरविले. जे सोंग मायामीत घर मिळवून देते, तेच सोंग त्या काळी पुण्यात उभे केले असते, तर ते हास्यास्पद होण्याआधीच धोक्याचे झाले असते.

हेच कथानक आजच्या धायरीत आणून पाहावे. सिंहगड रस्त्यालगतचे हे गाव २०१७ साली पुणे महानगरपालिकेत आले. डीएसके विश्वसारख्या वसाहतींमुळे तेथे भाडेकरूंचा राबता मोठा आहे. अकरा महिन्यांच्या करारावर दोन तरुण एका सदनिकेत राहावयास आले, तर चौकशी होते ती नोकरीची, जेवणाखाण्याची आणि मुलींच्या येण्याजाण्याची. ते दोघे परस्परांचे कोण, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. 'मित्र' हे उत्तर विचारण्यापूर्वीच मान्य झालेले असते. म्हणजे ते खरोखर जोडपे असतील, तर गैरसमज आहेच, परंतु तो 'दोस्ताना'च्या नेमका उलट आहे आणि त्यांना आसरा देणारा आहे. फाल्गुनरावाचा संशय फिटला की संसार सावरतो. येथे गैरसमज फिटला की सदनिका रिकामी करण्याची पाळी येऊ शकते. कायद्याने गुन्हा उरला नाही, हे खरे. पण करार वाढवून देणे न देणे मालकाच्या मर्जीवर आहे. विवाहाची मान्यता मिळावी ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी स्वीकारली नाही, त्यामुळे 'जोडपे' म्हणून दाखविण्यास कागदही नाही. अशा स्थितीत सुखात्मिकेचा शेवटचा अंक, ज्यात सर्व मुखवटे उतरतात, कोणी आणि कोणाच्या खर्चाने लिहावयाचा, हा लेखकापुढील खरा पेच आहे.

हा पेच मराठीत हाताळला गेलाच नाही असे नाही. मात्र ज्यांनी तो हाताळला, त्यांनी विनोदाची वाट सोडली. विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मध्ये बापूचे मित्रावर प्रेम बसते, तिचा ओढा स्त्रीकडे आहे हे त्याला नंतर कळते. आरंभीचा हा भ्रम सुखात्मिकेचाच आहे. पुढे बापू आपली खोली मित्रा व नमा यांच्या भेटींसाठी देतो, आणि तेथून नाटक शोकात्मतेकडे वळते. रोहिणी हट्टंगडींनी १९८१ मध्ये रंगविलेली मित्रा ज्यांनी पाहिली, त्यांना हे वळण विसरणे शक्य नाही.

सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) ही कादंबरी ह्या संदर्भात अधिक बोलकी वाटते. घरात भाड्याने राहावयास आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात भाऊ व बहीण दोघेही पडतात, आणि एकाची गोष्ट दुसऱ्याला ठाऊक नसते. ही रचना प्रहसनाला साजेशी आहे. दाराआड लपणे, ऐनवेळी कोणी येणे, सारे तिच्यात सहज बसले असते. कुंडलकरांनी मात्र तीच हकीकत आधी तनयच्या आणि मग अनुजाच्या तोंडून सांगितली. भाडेकरू निघून गेल्यावर अनुजाच्या दुःखाची दखल घरातले सारे घेतात. तनयला मात्र त्याच घरात, त्याच माणसांसमोर, काहीच घडले नाही असे वागावे लागते.