चमचा उभा राहणारे सूप

नेदरलँड्समध्ये हिवाळ्यात रांधले जाणारे ‘स्नर्ट’ म्हणजे हिरव्या वाटाण्याच्या डाळीचे दाट सूप. त्यात चमचा उभा राहिला पाहिजे, अशी तिथली कसोटी. हा दाटपणा पिठाने नव्हे, वेळेने येतो. डाळीची साले आधीच काढलेली असल्याने ती भिजवावी लागत नाही. मंद आचेवर दीड-दोन तासांत दाणे फुटतात आणि त्यांतला स्टार्च पाण्यात उतरतो. सोबत शिजणाऱ्या डुकराच्या नळीतून किंवा फासळीतून जिलेटिन सुटते आणि रश्शाला अंग येते. गाजर, लीक, बटाटा आणि सेलरीचा कंद चव भरतात. धुरी दिलेले ‘रोकवर्स्ट’ सॉसेज मात्र शेवटी, फक्त गरम होईपर्यंत घालावे. फार उकळले तर त्याचे आवरण फाटते आणि चव रश्शात निघून जाते.

कोणी म्हणेल, प्रेशर कुकर असताना इतका वेळ कशाला? डाळ कुकरमध्ये लवकर शिजते हे खरे. पण ती फेसाळते, झडपेत अडकू शकते आणि झाकण बंद असल्याने दाटपणा पाहून आच थांबवता येत नाही. धुरीच्या मांसाने सूप खारट होते, हा दुसरा आक्षेप मात्र रास्त आहे. म्हणून मीठ अगदी अखेरीस, चाखूनच घालावे. डाळ जुनी किंवा पाणी जड असेल, तर ती तासन्‌तास कडकच राहते. तिथे दोष कृतीचा नसतो. थंड झाल्यावर स्टार्च आणि जिलेटिन दोन्ही घट्ट होतात, त्यामुळे आदल्या दिवशी केलेले सूप अधिक दाट लागते. घाई असणाऱ्याने म्हणूनच ते आदल्या संध्याकाळी करून ठेवावे.