सीमाभागातले घरगुती फायबर

बेळगाव-निपाणी भागात घरगुती फायबरसाठी बीएसएनएल, जिओ, एअरटेल किंवा गल्लीतला केबलवाला असे पर्याय असतात. जाहिरातीतल्या वेगापेक्षा तुटलेली लाइन किती तासांत जोडली जाते, हे शेजाऱ्यांना विचारावे. पावसाळ्यात तेच कामाला येते. निपाणीला कोल्हापूर जवळचे, पण दूरसंचार परिमंडळ कर्नाटकाचे. म्हणून प्लॅन कर्नाटकाचेच पाहावेत. दरावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

राउटर ड्युअल-बँडच हवा. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण जुन्या घरांच्या जाड दगडी भिंतींपुढे तो लवकर दमतो, तिथे २.४ गिगाहर्ट्झ बरा. १०० एमबीपीएसहून मोठ्या प्लॅनला गिगाबिट पोर्ट लागतो, नाहीतर जादा पैसे वायाच. वीज गेली की राउटरबरोबर घरातली फायबरची पेटीही बंद पडते, म्हणून दोन्हींना छोटा यूपीएस जोडावा.