लीन उत्पादन: साठा, माणसे आणि अपव्यय

लीन उत्पादन म्हणजे माणसे कमी करून राहिलेल्यांकडून तेवढेच काम काढून घेणे, हा समज औद्योगिक वर्तुळात चांगलाच रुजलेला आहे. ‘लीन’ हे नाव 1988 मध्ये जॉन क्राफचिक यांच्या लेखामुळे प्रचारात आले. पद्धत मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात जपानमधील टोयोटा कंपनीत, प्रामुख्याने ताइची ओनो यांच्या हाताखाली आकाराला आली होती. 1950 मध्ये ही कंपनी आर्थिक संकटात सापडून कामगारकपात व संप झाला आणि अध्यक्ष किइचिरो टोयोडा यांना पायउतार व्हावे लागले; त्यानंतर कायम कामगारांची नोकरी टिकवणे हा या पद्धतीचाच भाग बनला, कारण ज्याला सुधारणेनंतर स्वतःच घरी बसावे लागणार तो कामगार सुधारणा सुचवणार नाही. अर्थात हा समज अगदीच निराधार नाही. पत्रकार सातोशी कामाता यांनी 1970 च्या दशकाच्या प्रारंभी टोयोटात हंगामी कामगार म्हणून राहून केलेले कामाच्या वेगाचे वर्णन वाचल्यास या शाश्वतीच्या कक्षेबाहेर कोण राहिले, हे कळते.

यंत्र जितके अखंड चालेल तितकी कार्यक्षमता अधिक, हा दुसरा समज हिशेबाच्या वहीतून आलेला असल्यामुळे अधिक चिवट आहे. ओनो यांनी अपव्ययाचे, म्हणजे ग्राहकाच्या दृष्टीने मालाचे मूल्य न वाढवता खर्च वाढवणाऱ्या कामाचे, सात प्रकार मानले: अतिउत्पादन, प्रतीक्षा, वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, साठा, निरर्थक हालचाल आणि सदोष माल. यांत अतिउत्पादन त्यांना सर्वांत घातक वाटे, कारण मागणीआधी तयार झालेल्या मालाच्या ढिगाखाली बाकीचे सहाही दोष झाकले जातात. तरीही मोठ्या बॅचचा आग्रह सुटत नसे, आणि त्याचे कारण यंत्राशेजारीच होते. पत्रा दाबून सुटे भाग घडवणाऱ्या प्रेसवरील डाय (साचा) बदलायला कित्येक तास लागत असल्याने एकदा चढवलेल्या डायमधून शक्य तितके भाग काढून घेणे व्यवस्थापनाला शहाणपणाचे वाटे. शिगेओ शिंगो यांनी प्रेस थांबवूनच करावी लागणारी कामे आणि प्रेस चालू असतानाच उरकता येणारी कामे वेगळी केली. पुढची डाय, तिचे बोल्ट व हत्यारे आधीच हाताशी मांडून ठेवली आणि बसवण्याच्या मापांत सारखेपणा आणला. त्यामुळे टोयोटातील 1000 टनी प्रेसवर चार तासांचे हे काम प्रथम दीड तासावर आणि नंतर तीन मिनिटांवर आले. लहान बॅच परवडू लागली ती यामुळे. निव्वळ साठा कमी करण्याचा हुकूम काढून ती परवडली नसती.

साठा शून्यावर आणणे हेच लीनचे ध्येय, असेही मानले जाते. 1 फेब्रुवारी 1997 रोजी आयसिन सेइकी या पुरवठादाराच्या कारिया येथील कारखान्याला आग लागली, तेव्हा ब्रेकच्या एका लहानशा व्हॉल्व्हचा काही तासांपुरताच साठा असल्यामुळे टोयोटाचे जपानमधील जवळजवळ सर्व कारखाने थांबले; इतर पुरवठादारांनी तोच भाग तातडीने बनवून दिल्यामुळे आठवड्याभरात काम पुन्हा मार्गी लागले. 2011 च्या भूकंपानंतर टोयोटाने सेमीकंडक्टरसारख्या, तयार होऊन मिळायला वेळ लागणाऱ्या भागांचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांना ठेवायला लावला. 2021 च्या प्रारंभी चिपटंचाईने इतर वाहन कंपन्या अडल्या, तेव्हा या साठ्याने टोयोटाला काही काळ तारले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये मात्र तिलाही उत्पादनात मोठी कपात करावी लागली.