काडतूस पुनर्भरणासाठी दाबयंत्राची निवड : एक विवेचक अभ्यास

प्रस्तावना :

राष्ट्रीय छात्रसेनेच्या गोळीबार सरावानंतर जमिनीवर पडलेल्या रिकाम्या पुंगळ्या वेचून, मोजून परत कराव्या लागतात, हे महाविद्यालयीन प्राध्यापकांना परिचित आहे. आपल्याकडे रिकामी पुंगळी ही हिशेबाची बाब आहे. अमेरिकेतील नेमबाजाच्या दृष्टीने मात्र तीच पुंगळी पुढील काडतुसाचा कच्चा माल असते. तेथे वापरलेल्या पुंगळीत नवे प्रायमर, नवी दारू व नवी गोळी बसवून घरच्या घरी काडतूस तयार करण्याचा छंद दीर्घकाळ रुजलेला आहे. १९६८ च्या संघीय शस्त्र नियंत्रण कायद्यानुसार स्वतःच्या वापरासाठी असे पुनर्भरण करण्यास परवाना लागत नाही. विक्रीसाठी उत्पादन करावयाचे झाल्यास मात्र तो घ्यावा लागतो.

या छंदात प्रवेश करणाऱ्यापुढील पहिला प्रश्न म्हणजे कोणते दाबयंत्र, म्हणजेच 'प्रेस', घ्यावे हा होय. हा प्रश्न बहुधा वेगाचा व किमतीचा मानला जातो. प्रत्यक्षात तो चुकीची जागा ठरविण्याचा प्रश्न आहे. माणसाकडून चूक होणारच हे गृहीत धरले, तर ती कोणत्या टप्प्यावर होऊ शकते व कोणत्या टप्प्यावर दिसू शकते, हे यंत्राच्या रचनेवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात याच दृष्टिकोनातून विवेचन केले आहे.

उद्दिष्टे :

१. पुनर्भरणाची प्रक्रिया व दाबयंत्रांचे प्रमुख प्रकार यांचा परिचय करून देणे.
२. रायफल व पिस्तूल यांच्या काडतुसांच्या भिन्न गरजा स्पष्ट करणे.
३. सुरक्षिततेच्या दृष्टीने निवडीचे निकष मांडणे.

काडतुसाची रचना :

काडतुसाचे चार घटक असतात : पितळी पुंगळी, प्रायमर, दारू आणि गोळी. गोळीबारात प्रायमर पेटते, दारू जळते व गोळी निघून जाते. मागे उरते ती फक्त पुंगळी, आणि तीच चार घटकांतील सर्वांत खर्चिक असते. पुनर्भरणाचे अर्थशास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे.

तथापि, प्रत्येक पुंगळी पुन्हा भरता येत नाही. पॉइंट २२ च्या काडतुसात प्रायमरचे मिश्रण पुंगळीच्या काठातच असते व पिनच्या आघाताने तो काठ चेपला जातो. कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्या प्रकारातील काडतूस याच जातीचे असल्याने पुनर्भरणाचा तेथे संबंध येत नाही. पुनर्भरण शक्य होते ते मध्यभागी स्वतंत्र प्रायमर असलेल्या काडतुसांचे. त्यातही इंग्रज अधिकारी बॉक्सर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत पुंगळीच्या तळाला मधोमध एकच छिद्र असते. त्यामुळे जुने प्रायमर साध्या सुईने बाहेर ढकलता येते. अमेरिकन हायरम बर्डन यांच्या पद्धतीत मध्यभागी छिद्र नसल्याने हे काम अवघड होते. अमेरिकेत इंग्रजाची पद्धत सर्वत्र रूढ झाली, ही इतिहासातील एक गंमत आहे, आणि तेथील छंदाच्या प्रसाराचे एक कारणही!

दाबयंत्राचे कार्य :

गोळीबारात पुंगळी फुगते. तिला मूळ मापात आणणे, जुने प्रायमर काढणे, नवे बसविणे, तोंड किंचित रुंदावणे, दारू घालणे, गोळी बसविणे व आवश्यक तेथे तोंड आवळणे, या पुनर्भरणाच्या पायऱ्या होत. मापात आणणे, गोळी बसविणे यांसारखी दाबाची कामे 'डाय' म्हणजे पोलादी साच्यांच्या साहाय्याने होतात. हाताने दांडा ओढला की तरफेच्या तत्त्वानुसार खालचा दट्ट्या पुंगळीला वरच्या साच्यात ढकलतो. बहुतेक उत्पादकांच्या साच्यांचे आटे एकाच मापाचे, म्हणजे सात-अष्टमांश इंच व्यासाचे व इंचाला १४, असे असतात. त्यामुळे एका उत्पादकाचे साचे दुसऱ्याच्या यंत्रात चालतात. डिलन कंपनीचे 'स्क्वेअर डील बी' हे केवळ पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांसाठी असलेले यंत्र याला अपवाद आहे. त्याला त्याचेच साचे लागतात. ग्राहकाने खरेदीपूर्वी ही बाब ध्यानात घेणे इष्ट ठरते.

दाबयंत्रांचे प्रकार :

अ) एकटप्पी यंत्र : यात एका वेळी एकच साचा बसतो. समजा, ५० पुंगळ्या आहेत. तर पन्नासांवर पहिली क्रिया, मग साचा बदलून पन्नासांवर दुसरी, असा क्रम असतो. फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन केलेल्या आरसीबीएस कंपनीचे 'रॉक चकर' हे या प्रकारातील सुप्रसिद्ध यंत्र होय. त्याची चौकट सर्व बाजूंनी बंद असल्याने ती मोठा दाब सहन करते. पुढून उघड्या चौकटीत हात सहज जातो. परंतु जोर पडल्यास ती किंचित वाकू शकते.

आ) फिरत्या माथ्याचे यंत्र : यात पुंगळी जागेवर राहते व वरील साच्यांचा माथा फिरतो. साचे वारंवार काढण्याचे श्रम वाचतात. मात्र एका ओढीत एकाच पुंगळीवर एकच क्रिया होते.

इ) क्रमगामी यंत्र : यात साचे स्थिर असतात व खालची तबकडी पुंगळ्यांना एका थांब्यावरून पुढील थांब्यावर नेते. सर्व थांबे भरल्यावर दांड्याच्या प्रत्येक ओढीस एक काडतूस पूर्ण होते. एकटप्पी यंत्रावर तासाला शंभराच्या आत काडतुसे होतात. क्रमगामी यंत्रावर त्याच्या अनेक पट.

रायफल व पिस्तूल : दोन भिन्न गरजा

रायफलची पुंगळी सामान्यतः बाटलीच्या आकाराची, मोठी व जाड असते. तिला मापात आणण्यास जोर लागतो. वंगण न लावल्यास ती साच्यात अडकून बसते. शिवाय ती लांबत जाते. म्हणून मोजून कापावी लागते. रायफलच्या दारूचे कण पुष्कळदा काडीसारखे असल्याने मापकातून त्यांचे प्रमाण एकसारखे पडत नाही व अचूकतेसाठी ती तोलून घालावी लागते. या सर्व कारणांनी क्रमगामी यंत्राचा प्रवाह येथे वारंवार खंडित होतो. दूरच्या लक्ष्यावर थोडे पण अचूक नेम साधणाऱ्यास एकटप्पी यंत्र पुरते, ते यामुळेच.

पिस्तुलाची पुंगळी सरळ व लहान असते. कार्बाइडचा साचा वापरल्यास सरळ पुंगळीला वंगणही लागत नाही. सरावात काडतुसे शेकड्यांनी संपतात. म्हणून पिस्तुलासाठी क्रमगामी यंत्राचा मोह स्वाभाविक आहे. मात्र धोकाही येथेच अधिक आहे.

चुकीची जागा :

पुनर्भरणातील दोन गंभीर चुका म्हणजे दारू न पडणे व दुप्पट पडणे. दारू नसली तर केवळ प्रायमरच्या जोराने गोळी नळीत अडकते आणि ते न कळता पुढचा बार उडविल्यास नळी फुटू शकते. दुप्पट पडल्यास शस्त्र हातातच फुटण्याचा संभव असतो. रायफलच्या पुंगळीत योग्य प्रमाणातील दारूनेच बहुतांश जागा व्यापते. दुप्पट घातल्यास ती सांडते व चूक स्वतःहून उघड होते. पॉइंट ३८ स्पेशल या काडतुसाचे तसे नाही. १८९८ च्या सुमाराचे हे काडतूस मुळात काळ्या दारूसाठी योजलेले असल्याने त्याची पुंगळी ऐसपैस आहे. आधुनिक बिनधुराची दारू तिच्या तळाशीच राहते. दुप्पट दारूही आत सहज मावते आणि गोळी बसल्यावर बाहेरून काहीही कळत नाही.

एकटप्पी पद्धतीत दारू घातलेल्या पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या असतात. त्यांवर दिवा धरून एक नजर फिरविली की वेगळी पातळी लगेच दिसते. येथे तपासणी हा स्वतंत्र टप्पा आहे. क्रमगामी यंत्रात तो स्वतंत्र टप्पा राहत नाही. इतर चार कामे चालू असताना नजर दारूवरही ठेवावी लागते. डिलनच्या '५५०' यंत्रात तबकडी हाताने फिरवावी लागते; ती फिरविण्याचे विसरल्यास त्याच पुंगळीत पुन्हा दारू पडू शकते. '७५०' मध्ये तबकडी आपोआप फिरते व तेथे पाच थांबे असल्याने दारूची पातळी तपासणारे साधन बसविण्यास जागा मिळते. '५५०' च्या चार थांब्यांवर तोंड आवळण्याचा साचा स्वतंत्र ठेवल्यास ती उरत नाही. तात्पर्य, थांब्यांची संख्या ही केवळ सोयीची बाब नसून सुरक्षिततेची बाब आहे.

निवडीचे निकष :

१. नवशिक्याने एकटप्पी यंत्रापासून आरंभ करावा. प्रत्येक क्रिया स्वतंत्रपणे समजल्याखेरीज एकत्रित क्रियांतील बिघाड ओळखता येत नाही.
२. महिन्याला लागणाऱ्या काडतुसांची संख्या प्रामाणिकपणे मांडावी.
३. किती प्रकारची काडतुसे भरावयाची आहेत ते पाहावे. क्रमगामी यंत्रात प्रकार बदलताना स्वतंत्र सुटे भाग व जुळणीचा वेळ लागतो.
४. क्रमगामी यंत्र घेतल्यास तपासणीसाठी एक थांबा राखून ठेवावा व उत्तम प्रकाशाची सोय करावी.
५. काम मध्येच थांबल्यास तबकडीवरील सर्व पुंगळ्या काढून नव्याने आरंभ करावा.

दारूचे प्रमाण उत्पादकांच्या प्रमाणित पुस्तिकेतूनच घ्यावे. प्रायमरच्या अवशेषांत शिसे असल्याने कामानंतर हात धुणेही तितकेच आवश्यक आहे.

भारतीय संदर्भ :

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे प्रस्तुत विवेचन हे अनुकरणासाठी नाही. १८६९ मध्ये स्थापन झालेला खडकीचा दारूगोळा कारखाना आज म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या २०२१ मध्ये अस्तित्वात आलेल्या सार्वजनिक कंपनीचा भाग आहे. अशा कारखान्यात तपासणीसाठी स्वतंत्र माणसे व स्वतंत्र विभाग असतात. घरगुती पुनर्भरणात भरणारा व तपासणारा एकच असतो. हा भेद लक्षात घेतला म्हणजे यंत्रनिवडीचे गांभीर्य ध्यानात येते.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, एकटप्पी यंत्र मागासलेले व क्रमगामी यंत्र प्रगत, ही विभागणी योग्य नाही. पहिले यंत्र वेळ घेते, पण तपासणीला अवसर देते. दुसरे वेळ वाचविते, पण वाचलेल्या वेळेची किंमत अखंड अवधानाच्या रूपाने मागते. यंत्र निवडताना 'ते किती वेगाने काम करते' या प्रश्नाआधी 'माझी चूक ते मला केव्हा दाखविते' हा प्रश्न विचारला पाहिजे. प्रयोगशाळेतील उपकरण असो वा परीक्षा विभागातील गुणनोंदणीची प्रणाली, हा प्रश्न तेथेही तितकाच लागू पडतो.