बंदी आणि भाकरी

आपल्या चंद्रपूर भागात कोळशाची खाण कोणाला नवी नाही. माझी आजी अशाच एका खाणीत, आजोबांनी फोडलेला कोळसा पाटीत भरून वाहात असे. एके दिवशी तिला सांगण्यात आले की बायकांनी आता खाली उतरायचे नाही. म्हातारपणी ती म्हणे, "सरकारनं दया केली, पण चूल कशी पेटवायची थे नाई सांगतलं."

मी शाळेत फारसा शिकलो नाही. युनियनच्या कचेरीत कायद्याची पुस्तके चाळताना कळले की आजीचा हा प्रश्न इंग्लंडातही तिच्या सुमारे शंभर वर्षे आधी उभा राहिला होता.

इंग्लंडात १८४२ साली कायदा झाला. स्त्रियांना, मुलींना आणि दहा वर्षांखालील मुलांना खाणीत खाली नेण्यास बंदी झाली. खाली उतरून तपासणी करणारे निरीक्षक मात्र १८५० च्या कायद्याने आले. काम सुटलेल्या स्त्रियांना भरपाई नव्हती. काही तर पुरुषी वेष करून पुन्हा खाली गेल्या!

आपल्याकडे बंदी १९२९ साली आली. बंगाल, बिहार व ओरिसा आणि आपल्या मध्यप्रांतातील कोळसाखाणींना मात्र स्त्रियांची संख्या दरवर्षी थोडी थोडी कमी करण्याची सवलत मिळाली. मुदत १९३९ पर्यंत होती, पण १९३७ सालीच ती संपवली. पुढे महायुद्धात कोळसा कमी पडला, तेव्हा १९४३ मध्ये तीच बंदी उठली आणि स्त्रिया पुन्हा खाली उतरल्या. १९४६ मध्ये बंदी परत आली. म्हणजे काम अयोग्य की योग्य, हे स्त्रीच्या प्रकृतीवर नव्हे, कोळशाच्या गरजेवर ठरत होते.

आता दोन्ही देश शेजारी ठेवून पाहा. इंग्लंडने एका झटक्यात बंदी केली, आपण हप्त्याहप्त्याने. पण दोन्हीकडे एक गोष्ट मागे राहिली, ती म्हणजे मजुरी. नवराबायको दोघांची मिळून जी कमाई होती, ती एकट्या नवऱ्याला कोणी दिली नाही. इंग्लंडात खाणकामगारांच्या किमान मजुरीचा कायदा देशव्यापी संपामुळे १९१२ साली झाला. बंदीनंतर ७० वर्षांनी. आपल्याकडे मधे निवाडे झाले, पण देशभराचा पहिला राष्ट्रीय कोळसा वेतन करार राष्ट्रीयीकरणानंतर, १९७५ पासून लागू झाला.

बंदीही कायमची ठरली नाही. इंग्लंडात ती १९८९ च्या कायद्याने गेली. आपल्याकडे २०१९ पासून स्त्रियांना, त्यांच्या लेखी संमतीने, ठराविक वेळेत खाली काम करण्याची मुभा मिळाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेनेही संमतीची ही अट ठेवली आहे.

मला यात आनंद आहे, आणि काळजीही. घरी चूल थंड असेल, तर संमती कसली? आणि ठेकेदाराकडे काम करणारी बाई तर कायम कामगाराच्या वेतन करारातही नाही. म्हणून कोणताही कामगार कायदा हाती आला की दोनच प्रश्न विचारा. तो पाळला जातो की नाही हे पाहायला कोण येणार? आणि त्याने ज्याचे काम सुटेल, त्याच्या भाकरीचे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळायला इंग्लंडला आठ वर्षे लागली. दुसऱ्याचे उत्तर दोन्ही देशांत कामगारांनी संघटित होऊनच मिळवले.